कुमारवयाचें आरोग्य : विचार कोणाचा घ्यावयाचा ?

१

कोणत्या दुखण्याकडे आधीं पाहावयाचें आणि कोणतें मागें ठेवावयाचें, हें ठरविण्याचें काम वैद्याचें, असें आपण सामान्यतः समजतों. पैसा, माणसें व वेळ हीं तिन्ही मर्यादित असल्यामुळें सर्व दुखण्यांवर एकदम इलाज करतां येत नाहीं. म्हणून त्यांचा क्रम लावावा लागतो, आणि तो जाणत्यानें लावावा हें रास्तच दिसतें. परंतु ज्यांच्या शरीराविषयीं हा क्रम लावावयाचा त्यांना, आणि ज्यांच्या घरांत तो अमलांत यावयाचा त्यांना, या विचारांत कांहीं स्थान असावें कीं नसावें ? हीं शरीरें जर वाढत्या वयाच्या मुलामुलींचीं असतील तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. या वयाचीं माणसें कायद्याच्या दृष्टीनें अज्ञान असतात, घरांत परतंत्र असतात, आणि सभासंमेलनांतून त्यांच्याविषयीं पुष्कळ बोललें जात असलें तरी त्यांच्याशीं फारसें कोणी बोलत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हीं वर्षें कुमारवयाचीं मानते. सन २०११ च्या जनगणनेप्रमाणें आपल्या देशांत या वयाचीं सुमारें २५ कोटि मुलेंमुली होतीं. त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें सन २०१४ च्या जानेवारींत 'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू केला, आणि त्याच्या योजनेंत मुलांनीं स्वतः भाग घ्यावा, आईबापांनाहि सोबत घ्यावें, असें स्पष्ट म्हटलें आहे. ही भाषा नवी असली तरी प्रश्न नवा नाहीं. मुलींनीं किती वयांत लग्न करावें, किती वयांत माता व्हावें, किती वर्षें शिकावें, हा प्रश्न आपल्याकडे गेल्या शतकाच्याहि आधींपासून धर्माचा, कायद्याचा व राजकारणाचा म्हणून लढविला गेला. पण मुळांत तो आरोग्याचाच प्रश्न होता. त्या वादाचे ग्रंथ, निकाल व अहवाल 'यांत कोणाला विचारलें गेलें ?' एवढ्या एकाच दृष्टीनें वाचून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

सन १८८४ च्या ऑगस्टमध्यें बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकारानें बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवरील आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं. सरकारनें तीं प्रांतोप्रांतीं अभिप्रायासाठीं पाठविलीं. ज्यांच्याकडे तीं गेलीं ते अधिकारी, न्यायाधीश, वकील व प्रतिष्ठित गृहस्थ होते. अनेकांनीं मनापासून, कांहींनीं विद्वत्तापूर्ण उत्तरें लिहिलीं. कोणी बालविवाहाचे दोष मान्य करून उपाय मात्र शिक्षणावर सोपविला, कोणी सरकारनें या भानगडींत पडूं नये असें बजावलें. ज्या घरांतून हीं उत्तरें लिहिलीं गेलीं, त्याच घरांच्या माजघरांत त्या प्रश्नाचें प्रत्यक्ष उत्तर बाळंतपणाच्या खाटेवर पडलेलें होतें. पण त्या खाटेपर्यंत टिपण पोंचविण्याची सोय नव्हती.

न विचारतां बोलणाऱ्या दोन मुली मात्र त्याच काळांत निघाल्या. पहिली आनंदीबाई जोशी. ९ व्या वर्षीं लग्न, १४ व्या वर्षीं मुलगा, आणि तो अवघ्या १० दिवसांनीं गेला. या दुःखांतून स्त्रियांना स्त्रीवैद्याची गरज आहे, हा निष्कर्ष तिनें स्वतः काढला, आणि सन १८८३ मध्यें सेरामपूर येथील सभेंत परदेशगमनाचीं आपलीं कारणें सांगून ती अमेरिकेस गेली. सन १८८६ मध्यें पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिनें मिळविली, तेव्हां तिच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्यांतील प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे १४ व्या वर्षीं जें सोसलें, त्याचाच शास्त्रीय विचार ती २१ व्या वर्षीं करीत होती. सन १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं २२ वर्षें पुरीं होण्याआधींच, क्षयानें तिचा अंत झाला.

दुसरी रखमाबाई. तिची हकीकत पुष्कळदां सांगितली गेली आहे. पण ती बहुधा खटल्याची म्हणून. आरोग्याच्या दृष्टीनें ती पुन्हां पाहण्यासारखी आहे. सन १८६४ मध्यें जन्मलेल्या या मुलीचें ११ व्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं लग्न झालें. तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. सन १८८३ मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापक सभासदांपैकीं ते एक होते. मुलगी ऋतुमती झाली तेव्हां गर्भाधानाची घाई करण्यास या वैद्यानें संमति दिली नाहीं. रूढ विधि एका बाजूस व मुलीची प्रकृति दुसऱ्या बाजूस असा प्रसंग असतां एका मराठी घरानें प्रकृतीला अग्रक्रम दिला. तो कोणा समितीनें सांगितला नव्हता. ज्ञान घरांत होतें म्हणून घरानें तो लावला. मुलगी माहेरींच राहिली आणि वाचीत राहिली.

सन १८८४ मध्यें दादाजींनीं मुंबईच्या हायकोर्टांत वैवाहिक हक्कांसाठीं दावा केला. सन १८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. पुढील वर्षीं अपिलांत तो फिरला. आणि सन १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं नवऱ्याकडे जा, नाहीं तर ६ महिने कैद भोगा, असा हुकूम केला. कैद पत्करूं, पण जाणार नाहीं, असें तिचें उत्तर होतें. अखेर सन १८८८ मध्यें २००० रुपये घेऊन दादाजींनीं प्रकरण मिटविलें.

खटल्याच्या या गडबडींत रखमाबाईंनीं काय मागितलें, तिकडे मात्र पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. सन १८८५ मध्यें 'एक हिंदु स्त्री' या टोपणनांवानें तिनें 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रें लिहिलीं. त्यांत केवळ शरीराची हानि सांगितलेली नाहीं. लवकर लग्न झालें कीं शिकणें थांबतें, मनाची वाढ खुंटते आणि पुढें सारा जन्म परक्याच्या तंत्रानें काढावा लागतो, असें तिचें म्हणणें होतें. पंडितांच्या वादांत प्रश्न एका विधीचा होता. वैद्यांच्या वादांत एका अवयवाचा. या मुलीच्या पत्रांत तो एका सबंध आयुष्याचा झाला. आणि सन १८८७ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या 'टाइम्स'मध्यें छापलेल्या पत्रांत तिनें स्पष्ट सूचनाहि केली : मुलाचें २० वर्षांच्या व मुलीचें १५ वर्षांच्या आंत झालेलें लग्न कोर्टापुढें आल्यास तें कायदेशीर धरूं नये. तेव्हां तिचें वय २२ होतें.

हे आंकडे वाचकांनीं लक्षांत ठेवावे. सन १८९१ च्या कायद्यानें मुलीच्या संमतिवयाची मर्यादा १२ केली. सन १९२९ च्या कायद्यानें लग्नाचें वय मुलीस १४ व मुलास १८ केलें. मुलीचें १५ हें वय कायद्यांत आलें तें सन १९४९ मध्यें, म्हणजे ६२ वर्षांनीं. मुलाचें २० कायद्यानें ओलांडलें तें सन १९७८ मध्यें, जेव्हां मर्यादा १८ व २१ झाली. आणि लहानपणीं झालेलें लग्न रद्द करून मागण्याचा हक्क, ज्याचें लग्न झालें त्यालाच, सन २००६ च्या कायद्यानें दिला. ज्या वयाच्या माणसांना आपलें हित कळत नाहीं असें म्हणण्याची चाल आहे, त्या वयांतून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी राज्यकर्त्यांच्या व पुढाऱ्यांच्या ६० पासून ११९ वर्षें पुढें होती.

३

सन १८९१ चा कायदा झाला तो रखमाबाईच्या पत्रामुळें नव्हे. त्याला निमित्त झालें तें कलकत्त्याच्या फुलमणि दासीचें. सुमारें १० - ११ वर्षांची ही मुलगी नवऱ्याच्या अतिप्रसंगामुळें मरण पावली. नवरा हरिमोहन मैती हा तिच्याहून वीसएक वर्षांनीं मोठा होता. सन १८६० च्या दंडसंहितेंत पत्नीच्या बाबतींत संमतिवयाची मर्यादा १० वर्षांची असल्यामुळें त्याच्यावर बलात्काराचा आरोप टिकेना. सन १८९० मध्यें त्याला एका वर्षाची शिक्षा झाली. खटल्यांत मुलीच्या आईची साक्ष झाली. या सर्व प्रकरणांत मुलीच्या बाजूनें घरांतील माणसाचें म्हणणें सरकारी कागदावर आलें तें येवढेंच, आणि तेंहि मुलगी गेल्यावर.

त्याच वर्षीं हिंदुस्थानांत काम करणाऱ्या ५५ स्त्री-डॉक्टरांनीं व्हाइसरॉयकडे अर्ज केला. आपल्यापुढें आलेल्या अल्पवयी पत्नींच्या इजांचीं उदाहरणें त्यांनीं त्यांत दिलीं व मर्यादा १४ असावी अशी मागणी केली. मुलींच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या शास्त्रज्ञ त्या याच. परंतु ९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्रयू स्कोबल यांनीं जें बिल मांडलें त्यांत मर्यादा १२ च होती, आणि १९ मार्चला तें तसेंच पास झालें.

या मधल्या दहा आठवड्यांत महाराष्ट्रांत जें रण माजलें तें सर्वश्रुत आहे. डॉ. भांडारकरांनीं धर्मशास्त्राचे आधार काढून बिलास पाठिंबा दिला. न्यायमूर्ति तेलंग सुधारणेच्या बाजूस राहिले. आगरकरांच्या 'सुधारका'नें कायद्याचा निःशंक पुरस्कार केला. टिळकांनीं 'केसरी'तून त्याला कडवा विरोध केला. टिळकांचा पक्ष येथें न्यायानें समजून घेतला पाहिजे. त्यांचा आक्षेप मुख्यतः असा कीं, आमच्या घरांत काय व्हावें हें परक्या सरकारनें ठरवूं नये. सन १८९० मध्यें त्यांनीं सुधारकांपुढें प्रतियोजनाहि ठेविली होती : मुलींचीं लग्नें १६ पर्यंत व मुलांचीं २० पर्यंत न करण्याची शपथ ज्यांना सुधारणा हवी त्यांनीं आपण होऊन घ्यावी. म्हणजे गंमत अशी कीं, विरोधकाचा आंकडा सरकारच्या आंकड्याहून ४ वर्षांनीं मोठा होता, आणि तो सुश्रुताच्या मताशीं जुळत होता. कारण १६ वर्षांच्या आंतील स्त्रीस २५ वर्षांच्या आंतील पुरुषापासून होणारा गर्भ धड राहत नाहीं, असें सुश्रुतानें शारीरस्थानांत सांगून ठेविलें आहे.

तेव्हां वादाचें मूळ वयाच्या आंकड्यांत नव्हतें. ठरविणार कोण, हा खरा वाद होता : सरकार कीं समाज ? टिळकांचा प्रश्न योग्य होता. वरून लादलेला आरोग्याचा नियम घराच्या उंबऱ्याबाहेरच राहतो, हें पुढील इतिहासानें सिद्ध केलें. पण 'समाज' म्हणून ज्यांचें नांव घेतलें जात होतें त्यांत शास्त्री होते, शेटसावकार होते, संपादक व पदवीधर होते; सासरीं गेलेली १२ वर्षांची मुलगी नव्हती, आणि तिची आईहि नव्हती. सुधारकांच्या सभांतूनहि त्या नव्हत्या. तुळशीबागेंत असो कीं विधिमंडळांत असो, दोन्ही पक्ष तिच्या वतीनें बोलत होते. 'ज्याचें जळे त्याला कळे' ही म्हण आपल्या भाषेंत जुनी आहे. या वादांत ती कोणाला आठवली नाहीं.

४

प्रश्न विचारण्याचा पहिला मोठा प्रयत्न होण्यास आणखी ३७ वर्षें लागलीं. डॉ. हरिसिंग गौर यांच्या बिलाच्या निमित्तानें सन १९२८ मध्यें सरकारनें संमतिवय समिति नेमली. तिचे अध्यक्ष वऱ्हाडचे सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. सभासदांत रामेश्वरी नेहरू व मद्रासच्या सरकारी स्त्री-रुग्णालयाच्या डॉ. बीडन अशा दोन स्त्रिया होत्या. समितीनें हजारोंनीं प्रश्नपत्रिका वाटल्या, देशभर दौरा केला आणि शेंकडों साक्षी घेतल्या. साक्षीदारांत स्त्रिया होत्या, सुइणींच्या व प्रसूतिगृहांच्या अनुभवाच्या डॉक्टरणी होत्या. स्त्रिया विचारणाऱ्या असल्या म्हणजे स्त्रिया बोलतात, हा साधा नियम समितीनें ओळखला. तत्पूर्वीं सन १९२७ च्या जानेवारींत पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें होतें. परिषद शिक्षणासाठीं म्हणून भरली. पण मुली शाळा कां सोडतात असा विचार सुरू होतांच बालविवाहाचा विषय आपोआप पुढें आला. रखमाबाईनें ४२ वर्षांपूर्वीं जो संबंध दाखविला होता तोच येथें शेंकडों स्त्रियांना आढळला.

जोशी समितीचा एक निष्कर्ष येथें विशेष महत्त्वाचा आहे. ज्या १८९१ च्या कायद्यासाठीं पुण्यांत सभा उधळल्या गेल्या व वर्तमानपत्रें एकमेकांवर तुटून पडलीं, तो कायदा लोकांना जवळजवळ ठाऊकच नाहीं, असें समितीला दिसून आलें. मर्यादा काय आहे हें घरांना कळलें नव्हतें. कळलें तरी नवऱ्याविरुद्ध फिर्याद कोण करणार? समितीनें सन १९२९ मध्यें विवाहांतर्गत संमतिवय १५ व विवाहाबाहेर १८ करावें, आणि मुलीचें लग्नाचें किमान वय १४ ठरवावें, अशा शिफारशी केल्या.

अजमीरचे हरविलास सारडा यांचें बिल याच सुमारास विधिमंडळापुढें होतें. सन १९२९ च्या सप्टेंबरांत तें पास झालें. आपल्याकडे त्याला लोकांनीं 'शारदा कायदा' म्हणून टाकलें. आणि देवलांची 'शारदा' सन १८९९ पासून रंगभूमीवर गाजत असल्यामुळें कायद्याचा कर्ता मागें पडून नाटकाची नायिकाच त्याची देवता झाली. हा अपभ्रंश अर्थपूर्ण आहे. त्या नाटकांतील घर एकजीव नाहीं. कांचनभट पैशासाठीं मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यावयास निघतो, इंदिराकाकू आंतल्या आंत जळते, आणि शारदा आपलें दुःख मैत्रिणींजवळ बोलते. 'घराला विचारा' असें जो म्हणतो त्यानें घरांतील कोणाला, हें आधीं सांगितलें पाहिजे, एवढें या नाटकावरून कळण्यासारखें आहे.

कायदा अमलांत यावयाचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या ६ महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. मुहूर्त साधण्यासाठीं लहान लहान मुलें बोहल्यावर चढविलीं गेलीं. ज्या मुलींचीं लग्नें कदाचित् दोनतीन वर्षांनीं झालीं असतीं त्यांचींहि उरकून घेण्यांत आलीं, आणि सन १९३१ च्या जनगणनेंत विवाहित बालकांची संख्या आधींपेक्षां वाढलेली दिसली. कायदा मुलींच्या आरोग्यासाठीं. त्याचें पहिलें फळ मुलींच्याच वांट्याला उलट आलें. शिवाय कायद्यानें लग्न लावणाऱ्यांस शिक्षा सांगितली, पण झालेलें लग्न कायमच ठेविलें, आणि फिर्याद करणाऱ्याकडूनच जामीन मागण्याची तरतूद केली. मुलीच्या हातीं कांहींच दिलें नाहीं. समितीनें साक्षी घेतल्या हें खरें. पण त्या साक्षी घेऊन ती परत गेली. ज्या घरांनीं हा नियम पाळावयाचा होता तीं घरें आपलीं म्हणून या कामांत कधीं आलींच नाहींत. विचारणें म्हणजे माहिती काढून घेणें नव्हे, हा धडा या सहा महिन्यांनीं शिकविला.

५

याच काळांत मुंबईंत एक गृहस्थ उलट्या मार्गानें जात होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं सन १९२१ मध्यें संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यापायीं विल्सन कॉलेजांतील गणिताची नोकरी सोडली, आणि सन १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. तें सन १९५३ मध्यें त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललें. त्यांच्या सर्व मतांशीं सहमत होण्याचें कारण नाहीं. त्यांची लेखणी पुष्कळदां विनाकारण बोचरी असे. परंतु त्यांनीं एक गोष्ट अशी केली कीं ती आधीं मराठींत कोणी केली नव्हती. वाचकांनीं आपल्या शरीराविषयींचे प्रश्न लिहून पाठवावे आणि त्यांना शास्त्राप्रमाणें सरळ उत्तर द्यावें, अशी प्रथा त्यांनीं पाडली.

या प्रश्नकर्त्यांत सर्वच तरुण नव्हते. तरीहि ते ज्या शंका विचारीत त्यांपैकीं कित्येकांची सुरुवात कुमारवयांतच होते : शरीरांत होणारे बदल, हस्तमैथुनाची भीति, आपण इतरांसारखे आहोंत कीं नाहीं ही काळजी. वैद्यकाच्या मोठ्या ग्रंथांत या शंकांना स्थान नव्हतें, कारण त्या रोग नव्हेत. पण रोग नसलेल्या गोष्टीच्या भयानें माणूस झुरतो, आणि मग तें भयच दुखणें होऊन बसतें. कर्व्यांच्या मासिकांत विषयांचा क्रम वैद्यानें लावलेला नव्हता. ज्यांना शंका होत्या त्यांनीं तो लावलेला होता.

याचें बक्षीस म्हणून सन १९३४ मध्यें कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो याच प्रश्नोत्तरांवरून झाला. त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें होतें. लैंगिक प्रश्नांवर लिहिणें म्हणजे अश्लील नव्हे, लोक विचारतात तर उत्तर देणें हें कर्तव्यच, अशा आशयाचा बचाव झाला. पण कर्व्यांना दंड झालाच. ४३ वर्षांपूर्वीं मुलीला कोणी विचारलें नव्हतें. आतां ज्यांनीं आपण होऊन विचारलें त्यांना उत्तर देणें हाच गुन्हा ठरला.

६

हा सर्व इतिहास सांगण्याचें कारण तो संपलेला नाहीं, हें आहे. सन २००७ मध्यें शाळांतील किशोरावस्था-शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह कित्येक राज्यांनीं थांबविला, तेव्हां संस्कृतिरक्षक व सुधारक असे तेच दोन पक्ष समोरासमोर आले, आणि पक्षकार पुन्हां सर्व प्रौढच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचीं लग्नें १८ वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. त्याच पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं ५९.१ टक्के व मुलांपैकीं ३१.१ टक्के रक्तक्षयानें पीडित होतीं. लोहाची गोळी शाळेंत वांटतां येते. ती गिळावयाची कीं दप्तरांत ठेवावयाची, हें मुलगी ठरविते. आणि घरांत पालेभाजी व दूध आधीं कोणाच्या पानांत पडावयाचें, हें घर ठरवितें. या दोघांच्या संमतीवांचून सरकारचा अग्रक्रम कागदावरच राहतो.

न विचारल्यानें किती दडून राहतें, याचें उदाहरण गडचिरोलींतच आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं तेथील दोन खेड्यांतील १३ वर्षांपासून पुढच्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. सन १९८९ मध्यें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत ९२ टक्के स्त्रियांना कांहींना कांहीं स्त्रीरोग असल्याचें निघालें. त्या काळीं ग्रामीण स्त्रीचें आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन व बाळंतपण, असाच सरकारी क्रम होता. स्त्रियांकडे जाऊन पाहतांच तो क्रम अपुरा ठरला. याच अनुभवांतून पुढें तरुण मुलामुलींसाठीं 'तारुण्यभान' शिबिरें निघालीं.

मराठवाड्यांत, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील पाचोड येथील आरोग्यसंस्थेनें विसाव्या शतकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठीं वर्षभराचा वर्ग चालविला. आईबापांना विश्वासांत घेऊन संध्याकाळीं तासभर भरणाऱ्या या वर्गांत शरीर, आहार, घरखर्च, सरकारी कचेरी, अशा सर्वच गोष्टी येत. लग्न उशिरां करा असा नुसता उपदेश त्यांत नव्हता. तरीहि कांहीं वर्षांत त्या गांवांतील लग्नाचें मध्यक वय १६ वरून १७ वर गेलें. एक वर्ष हें अंतर थोडें वाटेल. पण सन १८६० पासून सन १९४९ पर्यंतच्या ८९ वर्षांत कायद्याच्या पुस्तकांत पत्नीचें संमतिवय १० वरून १५ वर, म्हणजे अवघीं ५ वर्षें सरकलें होतें, आणि तेंहि पुस्तकांत. हें लक्षांत घेतलें म्हणजे घरांच्या संमतीनें प्रत्यक्ष आयुष्यांत मिळालेल्या या एका वर्षाची किंमत कळते.

७

या विचारावर दोन आक्षेप येतात, आणि ते हलके नाहींत. पहिला असा कीं, १४ वर्षांच्या मुलाला काय कळतें ? त्याला विचारलें तर तो मैदान मागेल. रक्तक्षय मागें राहील. याचें उत्तर असें कीं, इलाज कोणता करावा हें त्याला विचारावयाचें नाहीं. दुखतें कोठें हें विचारावयाचें आहे. चांगला वैद्य नाडी पाहण्याआधीं रोग्याला हेंच विचारतो. मुलानें मैदान मागितलें आणि मुलीनें शाळेंत कडी लागणारा संडास मागितला, तर त्या दोन्ही आरोग्याच्याच मागण्या आहेत. आपल्या यादींत त्या नव्हत्या एवढेंच. आणि परीक्षेच्या धास्तीनें झोंप येत नाहीं असें कोणी सांगितलें, तर तें ऐकल्यावांचून कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानें आहार व प्रजननस्वास्थ्य यांच्या जोडीला मानसिक आरोग्य, व्यसनें, इजा व हिंसा आणि पुढील वयांतील दीर्घ रोग यांनाहि स्थान दिलें आहे. पण सहांपैकीं कोणता विषय कोणत्या गांवांत आधीं घ्यावयाचा, हें दिल्लींत बसून सांगतां येण्यासारखें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. घरच जर अपराधी असेल तर घराला काय विचारावयाचें ? कांचनभटाला विचारून शारदेचें हित कसें साधणार ? हा आक्षेप करणाऱ्यानें सखाराम अर्जुनांचें घरहि डोळ्यांपुढें ठेवावें. दोन्ही घरें त्याच शतकांतलीं, त्याच रूढींतलीं. एकांत ज्ञान व धैर्य होतें, दुसऱ्यांत कर्ज व लोभ होता. घर वगळून मुलीचें रक्षण करण्याचा प्रयोग सन १८९१ व सन १९३० या दोन्ही वेळीं होऊन चुकला आहे. आणि मुलीला वगळून घराशीं बोलण्याचा प्रयोग तर त्याच्याहि आधींपासून चालूच आहे. म्हणून मुलांशीं वडीलधाऱ्यांच्या गैरहजेरींत बोललें पाहिजे, मुलींशीं स्त्रियांनीं बोललें पाहिजे, आईबापांशीं वेगळें बोललें पाहिजे, आणि मग सर्वांना एकत्र बसविलें पाहिजे. यांतील पहिली पायरी जोशी समितीला ठाऊक होती. शेवटची तिला साधली नाहीं.

आतांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत हजार वस्तीमागें दोन मुलगे व दोन मुली असे चार समवयस्क शिक्षक असावे, आणि दर तीन महिन्यांनीं गांवांत किशोर आरोग्य दिन साजरा व्हावा, ज्याला आईबापहि येतील, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. धोका एवढाच कीं, त्या दिवशीं व्याख्यान होईल, वजन-उंची मोजली जाईल, फोटो निघेल, आणि चारहि मुलें खुर्च्या लावण्याच्या कामाला जुंपलीं जातील. तसें होऊं नये यासाठीं एक साधी कसोटी पुरेशी आहे. मागच्या खेपेस मुलांनीं काय सांगितलें होतें, आणि त्यांतील काय झालें व काय कां झालें नाहीं, हें त्या दिवसाच्या आरंभीं सर्व गांवापुढें वाचून दाखवावें. ज्या सभेंत हें वाचून दाखवितां येईल, तेथें मुलांना विचारलें गेलें असें समजावें.

रखमाबाई पुढें लंडनला शिकून सन १८९४ मध्यें डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं जन्मभर स्त्रियांची सेवा केली. सन १९५५ मध्यें, वयाच्या ९० व्या वर्षीं, त्या वारल्या. आपण सुचविलेलें मुलीचें १५ हें वय कायद्यांत आलेलें त्यांनीं पाहिलें; मुलाचें २० मात्र त्यांच्या हयातींत आलें नाहीं. तें पत्र वाचून तेव्हांच कोणी त्या मुलीशीं बोलावयास बसलें असतें तर पुढच्या तीन पिढ्यांतील किती मुलींचें आयुष्य वांचलें असतें, याचा हिशेब आतां करतां येणार नाहीं. आजच्या मुलींच्या बाबतींत मात्र तो करण्याची वेळ येऊं न देणें आपल्या हातीं आहे.